गेटवर रजिस्टर, तळघरात पाणी

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा मुलुंडच्या एका सोसायटीच्या गेटवर सव्वा तास उभा होता. रात्री अकराची वेळ, पाऊस कोसळत होता. मोबाइल टॉवरची देखभाल करणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो कामाला आहे. त्या इमारतीच्या गच्चीवर अँटेना आहेत आणि त्यांच्या पायाशी लोखंडी कपाटात बॅटऱ्या व रेक्टिफायर. रेक्टिफायर म्हणजे मीटरमधून येणाऱ्या एसी विजेचं ४८ व्होल्ट डीसी करून उपकरणांना आणि बॅटऱ्यांना देणारी पेटी. ती पेटी बिघडली की सगळा भार बॅटऱ्यांवर येतो. बॅटऱ्या तीन-चार तास तग धरतात, मग आसपासच्या गल्ल्यांतले फोन मुके होतात.

भाच्याकडे ओळखपत्र होतं, कपाटाची चावी होती, कामाचा मेसेज होता. गार्डने रजिस्टर पुढे केलं, याने नाव लिहिलं. नाव वाचून गार्ड केबिनमध्ये गेला आणि त्याने इंटरकॉमवरून सेक्रेटरींना उठवलं. पोलीस व्हेरिफिकेशन आहे का, अशी विचारणा झाली. होतं, फोनमध्ये. फोनमधलं चालणार नाही, झेरॉक्स दाखवा. रात्री अकराला मुलुंडमध्ये झेरॉक्स कुठे काढायची? मग सकाळी या. हे चालू असताना त्याच गेटमधून जेवणाची पार्सलं घेऊन तीन मुलं आत जाऊन बाहेर आली. त्यांना कोणी कागद विचारला नाही.

शेवटी ठेकेदाराच्या सुपरवायझरने फोन केला. त्यांचं आडनाव सेक्रेटरींना ओळखीचं वाटणारं होतं. गेट उघडलं. तोवर बॅटऱ्या उतरल्या होत्या. मध्यरात्रीपासून दोन वाजेपर्यंत त्या भागात नेटवर्क नव्हतं आणि सकाळी तक्रार गेली ती त्याच सोसायटीकडून. भाचा मला एवढंच म्हणाला, "मामू, चावी माझ्याकडे होती."

मी हा प्रसंग धर्माच्या नावाने गळा काढायला सांगत नाही. अपमानाची गोष्ट आम्ही पुष्कळदा सांगितली आहे, ती ऐकायची लोकांना सवयही झाली आहे. मला इथे हिशेब मांडायचा आहे. फोनच्या यंत्रणेभोवती आपण जी सुरक्षा उभी करतो, म्हणजे कुंपण, गार्ड, रजिस्टर, कॅमेरा, कागदपत्रांची चाळण, तिला किंमत असते. ती किंमत कोण देतं, आणि त्या बदल्यात काय पदरात पडतं? त्या रात्री मुलुंडमध्ये सुरक्षेने टॉवर वाचवला नाही, बंद पाडला. हा अपवाद असता तर मी लिहायला बसलो नसतो.

मुंबई उपनगर जिल्ह्याचं मुख्यालय वांद्र्यात आहे, तेव्हा सुरुवात वांद्र्यापासूनच करू. २२ जुलै २०१९ च्या दुपारी एस. व्ही. रोडवरच्या एमटीएनएलच्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आग लागली. धूर वर चढला, खाली उतरायची वाट राहिली नाही, माणसं गच्चीकडे धावली. अग्निशमन दलाने शिड्या लावून ८४ जणांना उतरवलं. दलाने तेव्हा नुकताच घेतलेला आग विझवणारा रोबो पहिल्यांदा तिथे वापरला गेला. टीव्हीवर दुपारभर तीच दृश्यं होती: गच्चीच्या कठड्याशी ओळीने उभी माणसं आणि काळा धूर. सगळे बचावले, अल्लाहचे आभार. पण एक प्रश्न तेव्हाही कोणी फारसा विचारला नाही. टेलिफोनच्या इमारतीला धोका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गेटमधून आत शिरणारा माणूस येतो. त्या दिवशी गेटमधून कोणी शिरलं नव्हतं. माणसं आत होती आणि बाहेर पडायला वाट शोधत होती.

टेलिफोन एक्स्चेंज ही इमारत मुळात यंत्रांसाठी बांधलेली असते. थंडावा टिकावा म्हणून खोल्या बंदिस्त, मजल्यामजल्यांतून केबलींचे जुडगे, एका खोलीत बॅटऱ्यांच्या रांगा. बाहेरच्याला आत येणं अवघड करणारी प्रत्येक गोष्ट आतल्याला बाहेर पडणंही अवघड करते. कुलूपबंद जिना, जाळी ठोकलेली खिडकी, मागचं बंद केलेलं दार, हे सगळं "सुरक्षेसाठी" असतं. आगीच्या दिवशी त्याचा अर्थ उलटा होतो.

आता २६ जुलै २००५ आठवा. उपनगरात राहणाऱ्या कोणालाही ही तारीख सांगावी लागत नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मी कुर्ल्याहून जोगेश्वरीकडे चालत निघालो होतो. मिठी रस्त्यावर आली होती, पाणी छातीपर्यंत. वाटेत एका मशिदीने दारं उघडली होती. वर माडीवर ओले कपडे पिळत बसलेल्यांत निम्मे तरी हिंदू बांधव होते आणि कोणी कोणाला नाव विचारत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता आणि एकाचाही लागत नव्हता. उपनगरांतली वीज धोका नको म्हणून बंद केलेली, टॉवरच्या बॅटऱ्या संपलेल्या, एक्स्चेंजच्या यंत्रांत पाणी. त्या वेळच्या बातम्यांत सुमारे ५० लाख मोबाइल आणि २३ लाख लँडलाइन ग्राहकांना फटका बसल्याचे आकडे होते. त्याच दिवशी साकीनाक्याला दरड कोसळून ७० हून अधिक माणसं गाडली गेली. माझी अम्मी जोगेश्वरीत दोन रात्री मुसल्यावर बसून होती, कारण मी जिवंत आहे एवढं सांगायलाही एक तार शिल्लक नव्हती.

हे पाणी कुठून शिरतं ते पाहा. रस्त्याखालून येणाऱ्या सगळ्या केबली एक्स्चेंजमध्ये ज्या खोलीतून प्रवेश करतात ती केबल चेंबर, आणि ती जमिनीच्या पातळीखाली असते. केबली जमिनीखालून येतात, तेव्हा दुसरा उपायही नाही. म्हणजे इमारतीचा सगळ्यात नाजूक भाग सगळ्यात खोल. तिथे चालू अवस्थेतला पंप, वर उचलून ठेवलेला जनरेटर आणि कोणतं मॅनहोल आधी भरतं हे ठाऊक असलेला एक जुना लाइनमन, हीच त्या जागेची सुरक्षा. जानेवारी २०२० च्या अखेरीस स्वेच्छानिवृत्ती घेऊन दिल्ली आणि मुंबई मिळून एमटीएनएलचे १४ हजारांहून जास्त कर्मचारी एकाच वेळी घरी गेले. त्यांच्याबरोबर मॅनहोलची ती माहितीही घरी गेली. गेटवरचा गार्ड मात्र राहिला. खर्चाच्या वहीत गार्ड "सुरक्षा" या सदरात येतो आणि लाइनमन "आस्थापना" या सदरात. काटछाट कुठे होणार हे सदरावरूनच ठरतं.

कोणी म्हणेल, पाऊस आणि आग ठीक, पण हल्लाही होऊ शकतो. होऊ शकतो. झालाही आहे. २५ डिसेंबर २०२० च्या पहाटे अमेरिकेत नॅशविल शहरात एका माणसाने एटी अँड टी कंपनीच्या इमारतीसमोर गाडी उभी करून स्फोट घडवला. त्यात तो स्वतःच मेला. इमारत जाडजूड, जवळजवळ बिनखिडक्यांची. ती उभी राहिली आणि फोनही लगेच गेले नाहीत. स्फोटाने बाहेरची वीज गेली, आगीने आणि पाण्याने जनरेटर निकामी झाले, बॅटऱ्यांवर काही तास काम चालून मग यंत्रणा बंद पडली. टेनेसी आणि शेजारच्या राज्यांत पोलिसांना, रुग्णवाहिकेला लावायचा ९११ हा नंबर ठिकठिकाणी बंद झाला, नॅशविलच्या विमानतळावरची उड्डाणं काही वेळ थांबली. खऱ्याखुऱ्या बाँबहल्ल्यातही शेवटी घात केला तो पाण्याने आणि संपलेल्या बॅटरीने. आणि तो हल्लेखोर शहराच्याच भागात राहणारा एकटा गोरा माणूस होता. त्याचं नाव कुठल्याही गेटच्या रजिस्टरमध्ये खटकलं नसतं.

दुसरं उदाहरण सोलचं. २४ नोव्हेंबर २०१८ ला दक्षिण कोरियाच्या राजधानीत केटी कंपनीच्या अह्यॉन इथल्या इमारतीखालच्या केबल बोगद्यात आग लागली. शहराच्या मोठ्या भागात फोन, इंटरनेट, दुकानांतली कार्डाची यंत्रं बंद. वेळेवर रुग्णवाहिका बोलावता न आल्याने एक वृद्ध बाई दगावल्याच्या बातम्या आल्या. चौकशीत निघालं ते असं: ही इमारत खालच्या दर्जाची म्हणून नोंदवलेली होती, त्यामुळे तिच्यासाठी पर्यायी मार्ग ठेवण्याचं बंधनच नव्हतं. कुठे खर्च करायचा याचा निर्णय कागदावरच्या दर्जाने केला होता आणि तो दर्जा चुकला होता.

आपल्याकडेही आता दर्जे ठरवायचं काम सुरू झालं आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने कोणती यंत्रणा देशासाठी अतिमहत्त्वाची हे जाहीर करायचा अधिकार केंद्र सरकारला दिला, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे नियम आले. चांगली गोष्ट आहे. माझी भीती एवढीच की "अतिमहत्त्वाची" म्हटलं की आपल्याकडे पहिला खर्च तारांच्या कुंपणावर आणि पाटीवर होतो.

ही भीती हवेतली नाही, अंधेरीतच तिचा नमुना आहे. वर्सोव्याच्या चौपाटीवर संध्याकाळी भेळ खाणाऱ्या किती जणांना माहीत असेल की त्यांच्या पायाखालून देशाचं इंटरनेट आत येतं? ट्रायच्या २०२३ च्या शिफारशींनुसार तेव्हा भारतात १७ आंतरराष्ट्रीय समुद्री केबली येत होत्या, आणि त्यातल्या बहुतेक मुंबईत. त्यातलाही मोठा भाग वर्सोव्याच्या किनाऱ्याच्या एका लहानशा पट्ट्यात. सगळी अंडी एका टोपलीत म्हणतात ती ही. केबल आत येते त्या इमारतीला कितीही उंच भिंत घाला, केबल तुटते ती बाहेर समुद्रात. जगभरात दरवर्षी अंदाजे १५० ते २०० वेळा समुद्री केबली बिघडतात आणि त्यातले बहुसंख्य बिघाड मासेमारीच्या जाळ्यांनी आणि जहाजांच्या नांगरांनी होतात. घातपात नव्हे, रोजचं काम. २००८ च्या जानेवारीत इजिप्तजवळ केबली तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट निम्म्यावर आलं होतं. मालाड-गोरेगावच्या कॉल सेंटरांतल्या मुलांना ते दिवस आठवत असतील.

मग उपाय काय? वेगळ्या किनाऱ्यांवर केबली उतरवणं, आणि तुटली की लगेच दुरुस्त करणं. ट्रायने त्याच शिफारशींत दाखवून दिलं होतं की केबल दुरुस्तीचं आपलं स्वतःचं, भारतीय झेंड्याखालचं एकही जहाज नाही. परदेशी जहाज बोलवायचं, त्याला आपल्या हद्दीत यायला निरनिराळ्या खात्यांच्या परवानग्या लागतात, आणि त्यातल्या काही सुरक्षेच्या. म्हणजे मुलुंडच्या गेटवर जे झालं तेच अरबी समुद्राच्या गेटवर होतं. दुरुस्त करणारा बाहेर उभा, चावी हातात, आणि कागद तपासणं चालू.

वर्सोव्याच्या कोळी बांधवांचंही तेच. किनाऱ्याची खडानखडा माहिती असलेला माणूस तिथे कोण आहे? कोळी. केबल कुठून जाते याचा नकाशा त्यांच्या सोसायट्यांना मराठीत द्या, जाळं अडकलं तर ओढू नका, कापून टाका, नुकसानभरपाई मिळेल असं लेखी सांगा. गस्तीच्या बोटीच्या एका महिन्याच्या डिझेलपेक्षा हे स्वस्त पडेल असं माझं मत आहे. पण त्यासाठी कोळ्याला संशयित न मानता भागीदार मानावं लागतं, आणि तिथेच आपलं अडतं.

आता दुसरी बाजू. कुलपाचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. टॉवरच्या बॅटऱ्या चोरीला जातात, गच्चीवरचे महागडे रेडिओ युनिट चोरीला जातात. रात्री रस्ता खोदून तांब्याच्या जुन्या केबली ओढून नेणाऱ्या टोळ्या मुंबईत पकडल्या गेल्या आहेत. डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकणारं जाकीट, बाजूला लाल-पांढरे अडथळे; लोकांना वाटतं खात्याचंच काम चाललंय. (टोळीला गणवेशाचं महत्त्व आपल्यापेक्षा जास्त कळतं.) एक्स्चेंजमध्ये ज्या चौकटीवर प्रत्येक घराची तार येऊन जोडलेली असते तिथे भलत्याचा हात पोहोचला तर तुमचं-माझं बोलणं तो ऐकू शकतो. तिथे कुलूप हवं, दोन हवीत, आणि आत कोण कधी गेलं याची खरी नोंद हवी. पण या प्रत्येक बाबतीत नेमका धोका ठाऊक आहे आणि नेमका उपाय आहे. बॅटरीच्या कपाटाला अलार्म लावा. खोदकाम करणाऱ्याचा परवाना नंबर एका फोनवर पडताळता येईल असं करा. यात कोणाचं आडनाव वाचावं लागत नाही.

आडनाव वाचणारी सुरक्षा वेगळी. तिची किंमत आमच्या माणसांनी दिली आहे आणि ती घाटकोपरपासून मोजता येते. २ डिसेंबर २००२ ला घाटकोपर स्टेशनबाहेर बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला, दोन माणसं मेली. पकडलेल्यांत परभणीचा ख्वाजा युनूस हा तरुण इंजिनिअर होता. जानेवारी २००३ मध्ये तो पोलिसांच्या ताब्यातून पळाला असं सांगण्यात आलं. पुढे सीआयडीच्या तपासात तो कोठडीतच मेल्याचं समोर आलं. मृतदेह आजवर मिळाला नाही. त्या खटल्यातले बाकीचे आरोपी २००५ मध्ये पोटा न्यायालयातून सुटले. मग ११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट, जोगेश्वरी आणि बोरिवलीसुद्धा त्यात, १८९ माणसं गेली. त्या संध्याकाळीही फोन लागत नव्हते. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. त्यातला एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये असा आदेश तिथे झाला, पण सुटलेल्यांना परत आत जावं लागलं नाही. एकोणीस वर्षं. आणि ज्यांच्या घरातलं माणूस त्या डब्यात गेलं, त्या १८९ घरांना तरी काय मिळालं? चुकीच्या दारावर पहारा दिला की बरोबर दार उघडं राहतं. हे नुकसान आमचं एकट्याचं नाही.

त्या स्फोटांनंतर उपनगरांतल्या स्टेशनांवर धातुशोधक चौकटी उभ्या राहिल्या. अंधेरीला, घाटकोपरला गर्दीच्या वेळी त्यातून जाऊन पाहा. प्रत्येक माणसामागे ती चौकट ओरडते, कारण प्रत्येकाच्या खिशात चाव्या आणि मोबाइल आहे, आणि तिचं कोणी ऐकत नाही. निम्मी गर्दी तर बाजूच्या मोकळ्या जागेतून जाते. त्या चौकटीने कोण पकडलं गेलं हे मला माहीत नाही; पोतं किंवा मोठी बॅग घेऊन चाललेल्या दाढीवाल्या गरीब माणसाला बाजूला घेतलेलं मात्र मी अनेकदा पाहिलं आहे.

या विषयावर आमच्या मोहल्ल्यात बोललो तेव्हा जाणत्या मंडळींनी मलाच समजावलं. म्हणाले, कागद ठेव ना जवळ, दाखव आणि मोकळा हो, कशाला वाद? एक चाचा म्हणाले, "बेटा, सव्वा तासच उभा राहिला ना, घरी तर आला." चाचांच्या पिढीने ९२-९३ पाहिलं आहे, त्यांच्या वाक्यातली भीती मी समजू शकतो. पण मला ते मान्य नाही. आपण कागदांची जाडी वाढवत नेली म्हणून समोरच्याचा संशय कमी झाल्याचं मी पाहिलेलं नाही. भाच्याकडे कागद होता. मग त्याची झेरॉक्स हवी झाली. उद्या झेरॉक्स असेल तर त्यावर शिक्का हवा होईल.

गार्डवर माझा राग नाही. तो बारा तास उभा असतो, ठेकेदार त्याचा पगार उशिरा देतो, केबिनमधला पंखा बंद असतो. आग विझवायचा सिलिंडर कसा वापरायचा हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, गच्चीवर काय आहे हे सांगितलेलं नसतं. कोणाला आत सोडलं यावरून त्याची नोकरी जाऊ शकते. कोणाला अडवलं म्हणून आजवर एकाची तरी गेली आहे का?

म्हणून माझी मागणी रजिस्टर फाडायची नाही, आणखी एक रजिस्टर ठेवायची आहे. उपनगरांतल्या प्रत्येक एक्स्चेंजने, टॉवर कंपनीने, केबल स्टेशनने गेल्या दहा वर्षांत सेवा किती वेळा बंद पडली आणि कशामुळे, हे लोकांसमोर मांडावं. पाणी किती वेळा, वीज किती वेळा, आग, चोरी, खोदकाम किती वेळा, घुसखोर किती वेळा. आणि दुरुस्तीचा माणूस दारात किती मिनिटं थांबला, त्याचाही एक रकाना असावा. शेजारी प्रत्येक गोष्टीवर झालेला खर्च लिहावा. माझा अंदाज चुकला आणि घुसखोराचा रकाना सगळ्यात मोठा निघाला, तर मी हा लेख मागे घेईन आणि मुलुंडच्या सेक्रेटरींची माफी मागायला स्वतः जाईन.

भाच्याच्या ठेकेदाराने मात्र आपला हिशेब लगेच केला. त्या इमारतीसाठी त्याने आता दुसरा मुलगा लावला आहे. गुणी पोरगा आहे, भाच्याचाच दोस्त, कामही त्यानेच शिकवलं. भाचा भांडुपला राहतो, मोटरसायकलवर पंधरा मिनिटांत मुलुंडला पोहोचायचा. नवा मुलगा बदलापूरहून येतो.